सौमित्रचं उजवं पाऊल

रविवारी सकाळी सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या पादचारी पुलावरून उतरताना माझ्या मुलाचा, सौमित्रचा, उजवा पाय थरथरला. तो पडला वगैरे नाही. बाजार करून आम्ही घरी निघालो होतो. तो पुढे, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, आणि मी मागे छत्री घेऊन. चौथ्या-पाचव्या पायरीशी त्याने उजवं पाऊल उचललं आणि ते खाली टेकायच्या आधीच, हवेत, दोन-तीनदा बाहेरच्या बाजूला फडफडलं. मग टेकलं. पिशवी कठड्यावर आपटली, एक पपई घरंगळत चार पायऱ्या खाली गेली आणि खालून येणाऱ्या एका चिनी आजीबाईंनी ती उचलून त्याच्या हातात दिली. "केअरफुल, बॉय," त्या म्हणाल्या. तीस वर्षांचा बाप्या माणूस, पण त्यांच्या लेखी बॉय. तो हसला, "थँक्यू, आंटी" म्हणाला आणि मग मागे वळून मला म्हणाला, "पायरी ओली आहे, बाबा. जपून या." पायरी ओली नव्हती. तीन दिवसांत पाऊस नव्हता, छत्री मी उन्हासाठी धरली होती. तरी मी म्हणालो, "हो, ओली आहे खरी." असे आम्ही दोघे एकमेकांशी खोटं बोललो आणि घरी येऊन पपई कापून खाल्ली.

ते फडफडणं माझ्या चांगलं ओळखीचं होतं. दोन वर्षं मी ते बर्फावर पाहिलं होतं, कठड्याला पोट टेकून, हातात घड्याळ धरून. पण ते फक्त बर्फावर व्हायचं, पायात स्केटिंगची पाती असताना. बूट काढले की पाय शहाणा व्हायचा. घरात जिना चढताना, दुकानात, सायकलवर कधी काही नाही. ते बर्फ सोडून इतक्या लांब, या विषुववृत्तावरच्या गावात, साध्या सिमेंटच्या पायरीवर आलं, याचा अर्थ काय ते या घरात फक्त मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. त्याच्या बायकोला, गार्गीला, तर काहीच माहीत नव्हतं. ज्या कागदावर तो अर्थ लिहिलेला होता तो माझ्या खोलीतल्या कपाटात, पासपोर्टच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, पेन्शनच्या कागदांच्या मागे होता. चार वर्षांपूर्वी त्याचं पाकीट मी फोडलं होतं, तो वाचला होता आणि दाबून ठेवला होता. पपई गोड होती, असं गार्गी म्हणाली. मला चव लागली नाही.

मी निशिकांत. पुण्याहून हॉलंडला गेलो तो ब्याऐंशी साली, तिशीत, आइंडहोवनच्या एका कंपनीत ड्रॉइंग करायला. सौमित्र तिथलाच, जन्माने डच, पासपोर्टने डच, आणि बर्फावर तर त्यांच्याहून डच. चार वर्षांचा असताना आमच्या घरामागचं तळं गोठलं. तिथली पोरं स्वयंपाकघरातली खुर्ची बर्फावर नेतात आणि तिला धरून ढकलत ढकलत घसरायला शिकतात. शेजाऱ्यांचं बघून आम्हीही आमची खुर्ची नेली. सुरेखा, माझी बायको, काठावर उभी राहून ओरडत होती, अहो तो बुडेल, अहो त्याला आणा, आणि हा पठ्ठ्या दहा मिनिटांत खुर्ची सोडून पुढे गेला होता. खुर्ची तळ्याच्या मधोमध एकटी राहिली आणि ती आणायला मला रांगत जावं लागलं. त्या दिवशी मला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. दहा वर्षं त्या देशात मी अंग चोरून राहत होतो, बसमध्ये, दुकानात, ऑफिसच्या पार्टीत. आणि माझं एवढंसं पोर त्यांच्या बर्फावर मालकासारखं निघालं होतं. मी मनात म्हटलं, बस्स. हेच.

मग पंधरा-सोळा वर्षं आम्ही दोघांनी दुसरं काही केलं नाही. शाळेआधी पहाटे बर्फाचं रिंक, शाळेनंतर रिंक. मी खेळातला नव्हे, मला धड पोहताही येत नाही, पण मला मोजता येतं. प्रत्येक फेरीचा वेळ मी वहीत लिहायचो. चारशे मीटरची एक फेरी, पाच हजाराला साडेबारा फेऱ्या. त्याच्या पात्यांची धार मी काढायचो, तेल लावलेल्या दगडावर, दर रात्री जेवण झाल्यावर, आणि बोटाच्या नखावर पातं ओढून बघायचो, नखाची भुकटी पडली म्हणजे धार बरोबर. रिंकवरचे इतर बाप कॉफी पीत गप्पा मारायचे. मी एकटा कोपऱ्यातल्या वळणाशी, कानटोपी घालून, कान देऊन. चांगला स्केटर डोळ्यांनी नव्हे, कानांनी ओळखायचा असतो. पातं बर्फावर टेकतं तो आवाज कमी आणि सुटतं तो आवाज लांब. सौमित्रचा आवाज फार लांब होता. एकोणिसाव्या वर्षी तो ज्युनिअरमध्ये देशात पहिला आला, पेपरात फोटो आला, आणि बातमीत त्याचं नाव असं काही लिहिलं होतं की सुरेखाला वाटलं दुसराच कोणी आहे. दोन हजार नऊच्या डिसेंबरला ऑलिंपिकच्या निवडीत तो चौथा आला. पहिले तीन जातात. तिसऱ्यापेक्षा एकोणीस शतांश सेकंद मागे. एकोणीस शतांशात माणूस पापणीही पुरती मिटत नाही. त्या देशात निवड होणं हे पदकापेक्षा अवघड, असं तिथले लोक म्हणायचे आणि त्याच्या पाठीवर थाप मारायचे. मी थाप मारली नाही. मी म्हणालो, "चार वर्षं आहेत. एकोणीस शतांश म्हणजे काय मोठंसं आहे?"

सोमवारी आणि मंगळवारी मी त्याचे पाय बघत होतो. दुसरं काय करणार? सकाळी तो बुकित बातोकच्या बसला जातो. तिथे शीतगृहं बांधणाऱ्या एका डच कंपनीची कचेरी आहे, तिथे तो इंजिनिअर आहे. गॅलरीतून मला व्हॉइड डेकचा, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेचा, कोपरा आणि बसथांब्याकडे जाणाऱ्या तीन पायऱ्या दिसतात. सोमवारी त्या तीन पायऱ्या तो बाजूच्या उतारावरून उतरला, जिथून म्हातारे आणि व्हीलचेअरवाले जातात. मंगळवारीही. म्हणजे त्यालाही कळलं होतं, आणि पुलावरची ती पहिली वेळ नव्हती. मी खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, जाऊन बसलो. तिथली स्टॉलवरची बाई मला बघून न विचारताच कोपी, म्हणजे इथली कॉफी, ओतते. "अंकल, टुडे सो क्वाएट. सन नॉट सेंडिंग यू फॉर वॉक, ऑ?" मी म्हटलं, "सन इज व्हेरी गुड." खरंच आहे तो चांगला. सुरेखा गेल्यावर आइंडहोवनचं घर विकून त्याने मला इथे आणलं, इथे राहायच्या पासचे कागद केले, मोठी खोली मला दिली. गार्गी पुण्याची मुलगी, तांजोंग पगारला एका बँकेत आहे, घरी आठ-आठ वाजता येते आणि आल्यावर मला विचारते, बाबा, औषध घेतलंत? एवढ्या भल्या माणसांच्या घरात मी चोर म्हणून राहतो आहे, हे त्या कोपीच्या पेल्यापुढे बसून मला जितकं स्वच्छ कळलं तितकं कधी कळलं नव्हतं. पेला तसाच ठेवून उठलो.

दोन हजार अकराच्या हिवाळ्यात तो मला म्हणाला होता, "बाबा, उजवा पाय ऐकत नाही." मी म्हणालो, पातं हललं असेल. पातं बुटाखाली किती मिलिमीटर डावीकडे, किती उजवीकडे, यावर सगळं असतं. मी ते एक मिलिमीटर सरकवलं. मग परत दीड. मग बूट बदलले. पाऊल बर्फावर टेकायच्या आधी फडफडतच राहिलं. स्केटरांमध्ये या गोष्टीला एक नाव आहे, पण चेंजिंग रूममध्ये ते कोणी उच्चारत नाही, उच्चारलं तर आपल्याला होईल अशी भीती. ज्याला होतं त्याच्या शेजारचा माणूस हळूच आपली बॅग दुसऱ्या बाकावर नेतो. संघाच्या मानसतज्ज्ञाने सांगितलं, दडपण आहे, चौथ्या नंबराची भीती मनात बसली आहे. आणि मी काय सांगितलं? मी सांगितलं, सराव कमी पडतोय. लहानपणी मला एकोणीसचा पाढा येत नव्हता. आमच्या वडिलांनी तो माझ्याकडून पाटीवर शंभर वेळा लिहून घेतला, पुसायचा आणि लिहायचा, रात्रीचं जेवण त्यानंतर. तेव्हापासून आजतागायत झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही. घोटलं की सगळं येतं, यावर आमच्या अख्ख्या पिढीचा विश्वास. देवावर नसेल इतका. मी गॅरेजमध्ये एक गुळगुळीत लांब फळी बसवली. बुटांवर लोकरी मोजे चढवून तिच्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घसरायचं, स्केटिंगसारखंच. शनिवार-रविवार तो संघाच्या गावाहून घरी आला की मी त्याला त्या फळीवर उभा करायचो. उजवं पाऊल पाचशे वेळा. मी स्टुलावर बसून मोजायचो. फडफडलं की म्हणायचो, "हं, हे धरायचं नाही. परत." तो कधी नाही म्हणाला नाही. घामाने निथळत, माझ्याकडे न बघता, परत. मला वाटायचं, केवढा आज्ञाधारक आहे. आता वाटतं, बाप दुसरं काही देतच नव्हता, तर त्याने करावं तरी काय?

मग तो एका न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन आला. मला न विचारता. डॉक्टरीणबाईंनी पायाला तारा लावून त्याला फळीवर घसरायला लावलं, चित्रण केलं, आणि म्हणाल्या, सगळं तपासून पत्राने कळवते. त्याचा कागदोपत्री पत्ता आमच्याच घरचा होता. दोन हजार तेराच्या ऑक्टोबरात ते पत्र आलं. आमच्याकडे मुलाचं पत्र बापाने फोडायला परवानगी लागते ही कल्पनाच नाही. त्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून बँकेच्या पत्रांपर्यंत सगळं मीच फोडत आलो होतो. उभ्या उभ्या, दारातच फोडलं. पहिल्याच पानावर होतं की हा मनाचा आजार नाही. हा हालचालीचा विकार आहे, मेंदूतला, एका ठराविक क्रियेला चिकटलेला. ती क्रिया हजारो वेळा केल्याने तो होतो आणि तीच करत राहिल्याने वाढतो. सराव ताबडतोब थांबवावा. थांबवला नाही तर काही रुग्णांमध्ये हा विकार पुढे साध्या चालण्यातही उतरतो. मी ते वाक्य तीनदा वाचलं. ऑलिंपिकची निवड आठ आठवड्यांवर होती. त्या महिन्यात त्याचे वेळ चांगले येत होते. पाय चारदा फडफडायचा तो दोनदा फडफडत होता, असं मी मोजलं होतं, आणि माझ्या मोजण्यावर माझा विश्वास होता. मी मनात म्हटलं, आठच आठवडे. आठ आठवड्यांनी देऊ. आठ आठवड्यांत असं काय आकाश कोसळणार आहे? स्वयंपाकघरातून सुरेखाने विचारलं, कुणाचं पत्र? मी म्हटलं, बॉयलरवाल्यांचं. दोन दिवसांनी सौमित्रचा फोन आला. "बाबा, हॉस्पिटलचं काही आलं का?" मी म्हणालो, "नाही रे." तो म्हणाला, "म्हणजे काही सापडलं नसणार." त्याच्या आवाजात जे होतं ते मला तेव्हाही ऐकू आलं होतं, आणि मी त्याला म्हणालो, "शनिवारी ये. फळीवर सहाशे करू."

निवडीच्या दिवशी हीरनवेनच्या स्टेडियममध्ये दहा-बारा हजार लोक होते, नारिंगी टोप्या, बँड, वाफाळलेल्या वाटाण्याच्या सुपाचा वास. मी आणि सुरेखा वळणाजवळ. पहिल्या सात फेऱ्या, प्रत्येक एकोणतीस सेकंदांच्या घरात. वहीत एका खाली एक, एकोणतीस चार, एकोणतीस चार, एकोणतीस पाच, मला रडू येत होतं इतकं ते नीट दिसत होतं. आठव्या फेरीला मला आवाजात कळलं. टेकताना पातं एकदा ऐवजी तीनदा वाजलं. टक्‌टक्‌टक्‌. एकतीस. मग तेहतीस. प्रत्येक फेरीत समोरच्या सरळ पट्ट्यावर दोन्ही स्केटर आपली रांग बदलतात, आतला बाहेर जातो, बाहेरचा आत येतो, आणि आतून निघालेल्याने बाहेरच्याला वाट द्यायची असते. सौमित्र आतून निघाला होता. त्याला वाट देण्यापुरतंही पाऊल वळवता आलं नाही. दोघांचे खांदे आपटले, दुसरा पोरगा कसाबसा सावरला, आणि पंचांनी सौमित्रला बाद केलं. तो सरळ उभा राहिला, हात गुडघ्यांवर टेकले आणि तसाच, न ढकलता, आधीच्या वेगावर घसरत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथले लोक हरणाऱ्याला फार सभ्य टाळ्या वाजवतात. सुरेखा म्हणाली, "अहो, जा ना त्याच्याकडे." मला जागचं हलता आलं नाही. नंतर गाडीत मागच्या सीटवरून तो म्हणाला, "पायाला काही झालेलं नाही, बाबा. डॉक्टरांनाही काही सापडलं नाही. खोट माझ्यातच आहे. वेळ आली की मी घाबरतो." मी गाडी चालवत होतो. दोनशेहून जास्त किलोमीटर रस्ता होता. मी एक शब्द बोललो नाही.

द्यायचं होतं मला ते पत्र. कोणी विश्वास ठेवणार नाही, पण द्यायचं होतं. आधी म्हटलं, नाताळ होऊन जाऊ दे. मग त्याने स्केटिंग सोडलं, त्या डॉक्टरीणबाईंकडे परत गेलाच नाही, आणि मला वाटलं, आता बर्फच नाही तर विकार तरी कुठून येणार. मग सांगून त्याला नवं दुःख कशाला? मग तो सिंगापूरला आला. मग सुरेखा आजारी पडली. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. माझ्यासारख्या माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत. इथे आल्यावर मी बघत होतो, गार्गीच्या मित्रमंडळींत कोणी सांगितलं की हा हॉलंडचा मोठा स्केटर होता, की हा हसून म्हणायचा, "मोठा कसला, ऐन वेळी कच खाणारा." लोक हसायचे. ऑफिसात वरची जागा आली तर याने अर्ज केला नाही, म्हणे दडपणाचं काम मला झेपत नाही. गार्गी मूल हवं म्हणते तर म्हणतो, माझ्यासारखा भित्रा बाप कशाला हवा कुणाला? हे तो गंमत म्हणून म्हणतो. एकट्या मलाच त्यातली गंमत कळत नव्हती.

बुधवारी संध्याकाळी गार्गी लवकर आली. पर्स खांद्यावर तशीच ठेवून माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. "बाबा, एक विचारू? सौमित्रच्या पायाला पूर्वी काही झालं होतं का?"

"का गं?"

"आज त्याच्या ऑफिसमधल्या प्रतापचा फोन आला होता. जिन्यावर पाय अडकला म्हणे, त्याने धरलं म्हणून. आणि हे दोन महिने चाललंय! मला कोणी सांगितलंच नाही." खांद्यावरून घसरलेली पर्स तिने परत वर ओढली. "मी म्हटलं डॉक्टरकडे जाऊ, स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट घेते. तर म्हणतो, काही नाही, जुनी सवय आहे, मनाचे खेळ आहेत. व्यायाम वाढवतो म्हणाला. बाबा, मला भीती वाटते हो. काही सीरियस असेल का?"

व्यायाम वाढवतो. मी पलंगाच्या कडेला बसलो. "बघू," असं काहीतरी म्हणालो. ती अजून उभी होती. एवढी हुशार मुलगी, दिवसभर मोठमोठ्या लोकांची कर्जं तपासते, आणि माझ्यासमोर लहान पोरीसारखी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती, की म्हाताऱ्याला काहीतरी ठाऊक असेल. "मी बोलतो त्याच्याशी," मी म्हणालो. ती गेल्यावर मी फोल्डर काढलं. पत्र शर्टाच्या खिशात घातलं. गुरुवारी ते खिशातच राहिलं. शुक्रवारी शर्ट धुवायला टाकताना काढून दुसऱ्या शर्टात घातलं. सांगितलं तर मुलगा जाईल, नाही सांगितलं तर त्याचा पाय जाईल. इतकं ते सोपं होतं, आणि पासष्ट वर्षांच्या, शिकलेल्या, स्वतःला बाप म्हणवणाऱ्या माणसाला त्यातलं काय निवडावं ते तीन दिवस ठरवता येईना. माझं जगात दुसरं कोणी नाही. हे कारण नव्हे, हे मला कळतं. पण ते मनातून जात नव्हतं.

शनिवारी पाचच्या सुमाराला तो खाली जाऊन येतो म्हणून गेला. सहा वाजले तरी वर आला नाही. गार्गी फोन करत होती, फोन घरातच वाजत होता. मी म्हटलं, बघून येतो. लिफ्टशी गेलो आणि बटण दाबणार तोच मला आवाज आला. लिफ्टच्या शेजारी एक दार आहे, मागे जिना. बाराव्या मजल्यावरून जिन्याने कोणी जात नाही; तिथे कुणाच्या तुळशीच्या कुंड्या, कुणाची मोडकी सायकल. दार ढकललं. सौमित्र खालच्या टप्प्याच्या वर, सहा-सात पायऱ्यांवर होता. बनियन भिजून अंगाला चिकटला होता. तीन पायऱ्या उतरायचा, उजवं पाऊल प्रत्येक वेळी हवेत फडफडायचं, तो दात आवळून ते खाली दाबायचा. मग वळून तीन पायऱ्या चढायचा आणि परत. ओठ हलत होते. "एकशे चौदा," मला ऐकू आलं. मराठीत. मोजायला मीच त्याला मराठीत शिकवलं होतं. "परत," तो स्वतःला म्हणाला, अगदी माझ्याच आवाजात.

"सौमित्र, थांब."

त्याने वर पाहिलं. "झालंच, बाबा. दोनशे करतो. सुटेल ते."

"सुटणार नाही. वाढेल." मी कठडा धरून दोन पायऱ्या उतरलो. "तुझ्या मनात खोट नाही. कधीच नव्हती. हॉस्पिटलचं पत्र आलं होतं रे. ऑक्टोबरात आलं होतं. मी दिलं नाही."

मी खिशातून पत्र काढून पुढे केलं. कागद घामाने मऊ पडला होता. त्याने हात बनियनला पुसला आणि घेतलं. जिन्यातल्या ट्यूबखाली उभा राहून तो वाचू लागला. पहिलं पान. त्यावरची तारीख त्याने अंगठ्याने घासल्यासारखी केली. खालच्या कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली. मी बोलत सुटलो होतो, काय बोलत होतो मला माहीत नाही, आठच आठवडे होते, मला वाटलं होतं तुझे वेळ चांगले येतायत, सुरेखाला काही ठाऊक नव्हतं, मी देणारच होतो. त्याने हात वर केला, गप्प बसा म्हणून नव्हे, नुसता, ट्रॅफिकमधला माणूस करतो तसा. मी गप्प बसलो.

"तुम्ही फोनवर नाही म्हणालात," तो म्हणाला.

"हो."

"आणि नंतर सहाशे करायला लावलेत."

"हो."

त्याने पान उलटलं. दुसरं पान मी कधी नीट वाचलंच नव्हतं. मला जे नको होतं ते सगळं पहिल्याच पानावर होतं. तो वाचत होता आणि एकाएकी त्याचा चेहरा मला परका दिसायला लागला. "हे वाचलंत?" असं म्हणून त्याने डचमध्ये एक परिच्छेद वाचला, मग, जणू मला डच कळत नाही, सावकाश मराठीत सांगितला. "अशा रुग्णांत तीच हालचाल उलट दिशेने केली तर विकार बहुधा दिसत नाही. पाय निरोगी असतो. तिथून सुरुवात करून नव्याने शिकवता येतं. सुरुवातीच्या काळात आशा चांगली असते. नोव्हेंबरात यावं." तो थांबला. "नोव्हेंबरात यावं, बाबा."

मी म्हणालो, "आता जाऊ. गार्गी अपॉइंटमेंट घेते म्हणाली आहे. मी येतो बरोबर. सगळं मी सांगतो डॉक्टरांना."

त्याने पत्र घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं. वळला, आणि खालच्या पायऱ्यांकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. डाव्या हाताने कठड्याचा अंदाज घेतला. मग उजवं पाऊल मागे नेऊन खालच्या पायरीवर ठेवलं. ते फडफडलं नाही. डावं. मग पुन्हा उजवं. नुसतं गेलं आणि टेकलं, कुणाही धडधाकट माणसाचं टेकावं तसं. त्याने खाली एकदाही पाहिलं नाही. माझ्याकडे बघत, एकेक पायरी, तो उलटा उतरत होता. मी त्या नजरेत राग शोधत होतो. राग असता तर बरं झालं असतं. टप्प्यावर पोहोचल्यावर तो थांबला.

"चार वर्षं मी स्वतःला भेकड म्हणत होतो," तो म्हणाला. "तुमच्यासमोर म्हणत होतो."

"सौमित्र, वर ये," असं म्हणालो बहुतेक. "गार्गी वाट बघतेय."

तो टप्प्यावरून वळला आणि तसाच पाठमोरा पुढच्या पायऱ्यांवर गेला. आधी पाय दिसेनासे झाले, मग खांदे, मग चेहरा. मग नुसता आवाज येत राहिला, अकरावा मजला, दहावा, नववा, एका मापाचा, कुठेही न अडखळणारा. मी कठडा धरून वर उभा होतो आणि कान देऊन ऐकत होतो. पाऊल एकदाही चुकलं नाही.